घरट्यांच्या दिवसांत दोघांनी नाशिकजवळ पक्षी बघायला जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की जून संपता संपता एका शनिवार-रविवारी मित्राबरोबर नाशिकच्या आसपास पक्षी बघायला जायचंय, दोघांत मिळून एक बायनॉक्युलर आहे, मित्राने नवीन झूम लेन्स घेतलीय, घरट्यांचे दिवस आहेत तर घरटी आणि पिल्लं दिसतील अशा जागा सांगा, आणि घरट्याच्या किती जवळ गेलेलं चालतं तेही सांगा. मी पंचवीसेक वर्षं या भागात पक्षी बघतोय, त्यातली बहुतेक एकाच मित्राबरोबर, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, कारण जागा सांगणं सोपं आहे पण जवळ जाण्याचा प्रश्न एका आकड्यात उत्तर देण्यासारखा नाही.

आधी स्पष्टच सांगतो, घरटी शोधायला म्हणून जाऊ नका. झुडपं बाजूला सारत, गवतात पाय घालत, फांद्या वाकवून बघत फिरायचे हे दिवसच नाहीत. एक जागा धरा आणि बसा. अर्धा तास, तास, आणि पक्षी काय करतोय ते बघा. चोचीत काडी आहे का, कापसासारखं काही आहे का, की अळी आहे. चोचीत अळी आहे आणि पक्षी ती गिळत नाहीये, नुसता या फांदीवरून त्या फांदीवर करतोय, तर समजा पिल्लं जवळपास आहेत. आणि तो तुमच्याकडे बघून एकसारखा चिक् चिक् करत शेपूट हलवतोय आणि खाली उतरतच नाहीये, तर तुम्ही त्याच्या वाटेत बसलाय, उठा आणि लांब जा. कधी कधी तो घरट्यातून बाहेर पडताना चोचीत पांढरी पुरचुंडी घेऊन जातो, ती पिल्लांची शी असते, लहान पक्ष्यांच्या पिल्लांची विष्ठा अशी पातळ पापुद्र्यात बांधलेली येते आणि आई-बाप ती उचलून लांब नेऊन टाकतात म्हणजे घरट्याखाली घाण साचत नाही आणि वासाने कोणी येत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की नुसतं घरट्यात डोकावून चार उघड्या चोची बघण्यापेक्षा फार काहीतरी जास्त बघितल्यासारखं वाटतं, आणि त्यासाठी घरट्याजवळ जावंही लागत नाही.

आता मी हे इतकं तळमळीने का सांगतोय तेही सांगतो. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, मे महिना होता, गंगापूर धरणाच्या फुगवट्याला पाणी आटून माळ उघडा पडला होता. टिटवीचं घरटं सापडलं आम्हाला. घरटं म्हणजे काय, जमिनीत उथळ खळगी, कडेला खडे आणि बकरीच्या लेंड्या, आणि मधे चार अंडी, टोकं आत करून फुलीसारखी मांडलेली, रंग असा मातकट आणि वर काळे डाग की दोन पावलांवरून नजर हटली तर परत सापडत नाहीत. आम्ही आनंदाने वेडे झालो होतो. मित्र पोटावर झोपला, फोटो काढायला लागला, मी त्याच्या डोक्यावर पंचा धरून उभा. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत गिरक्या मारत होती, दुसरी लांब जमिनीवर बसून ओरडत होती, आणि आम्ही म्हणत होतो की बघ किती धीट आहे. सकाळचे अकरा वाजलेले. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मग आम्ही बाभळीखाली जाऊन डबा खाल्ला, आणि परत आलो तर दोन अंडी नव्हती आणि एक फुटलेलं होतं, आणि कावळा खळगीपासून हातभर अंतरावर उभा होता. तो सकाळपासून त्या बाभळीवरच बसलेला, आम्ही त्याला बघितलंही होतं, पण डोक्यातच आलं नाही की तो आम्हाला बघतोय. माणूस जिथे खाली वाकतो तिथे काहीतरी असतं हे कावळ्याला पक्कं ठाऊक असतं. ते चौथं अंडं मला आजही दिसतं डोळ्यांसमोर. मित्राने तो फोटो कोणालाच दाखवला नाही.

नंतर कळलं की कावळा आला नसता तरी नुकसान झालंच असतं. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते म्हणजे ती गार राहतात. आपण वीस मिनिटं तिला उठवून ठेवलं म्हणजे वीस मिनिटं ती अंडी तापलेल्या मुरुमावर उघडी पडली. आणि पावसाळ्यात याच्या उलट, पिसं न फुटलेली पिल्लं पाच-दहा मिनिटं पावसात भिजली तरी गारठतात. त्यामुळे किती जवळ याचं माझं उत्तर असं आहे की पक्ष्याचं वागणं बदललं की तुम्ही जास्त जवळ आलात, मग ते दहा फूट असो की शंभर. अंड्यांवर बसलेला पक्षी मान उंचावून ताठ झाला तिथेच थांबायचं, तो उठायच्या आत दोन पावलं मागे यायचं. उघड्या माळावरच्या टिटवीसाठी मी साठ-सत्तर पावलं लांबूनच बघतो, आणि दहा मिनिटांच्या वर नाही. दारातल्या कुंडीत घरटं करणारा बुलबुल माणसाला सरावलेला असतो, त्याला खिडकीच्या काचेआडून दिवसभर बघितलं तरी त्याचं काही जात नाही. म्हणून आकडा देत नाही.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो, म्हणजे मित्राला सांगायला बरं पडेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यातच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी हलवणं, त्यांना त्रास देणं हे धरलेलं आहे. म्हणजे फोटोत अडचण येते म्हणून फांदी तोडून घरटं उघडं पाडणं हा नुसता वाईटपणा नाही.

बरं, आता जागा. शनिवार शहराजवळ काढा, रविवार नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. अंजनेरीच्या डोंगरावर या वीकेंडला जाऊ नका असं मी सांगेन, पावसाळा लागला की तिथे धबधब्यासाठी जी गर्दी लोटते त्यात पक्षी राहू द्या, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात ती हिवाळ्यात, जूनअखेर तिथला हंगाम उलटलेला असतो. गिधाडं बघायला डिसेंबर-जानेवारीत जा.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघून गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, सावरगाव, गंगावऱ्हे त्या बाजूला. जूनअखेर पाऊस नीट झाला असेल तर माळ हिरवा पोपटी झालेला असतो आणि पाणी अजून फार वर चढलेलं नसतं. इथे टिटव्यांची पिल्लं मिळतील फिरताना. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतं, काडीसारख्या पायांवर कापसाचा बोळा, आणि आईने एक विशिष्ट आवाज दिला की जिथे असेल तिथे बसतं आणि दिसेनासं होतं. तुम्ही चालत असताना टिटवी अचानक फार चिडली, डोक्यावर झेपा घ्यायला लागली, तर पुढचं पाऊल टाकायच्या आधी खाली बघा, कारण पिल्लू तुमच्या बुटापाशी दबून बसलेलं असू शकतं, ते पळणार नाही. आल्या वाटेने मागे फिरा. गाडीवाट सोडून गवतात उतरूच नका हे उत्तम, पायवाटेवरूनही पुष्कळ दिसतं. माळटिटवी, म्हणजे डोळ्यांपुढे पिवळी लोंबती कातडी असलेली, ती साध्या टिटवीपेक्षा कोरड्या माळावर राहते, तीही दिसेल. चंडोल आकाशात चढून गाताना आणि मग दगडासारखे खाली येताना दिसतील, त्यांची घरटी ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला जमिनीवरच असतात, म्हणून तर पायवाट सोडू नका म्हणतोय. मोऱ्या आणि छोटे पूल लागतील वाटेत, त्यांच्याखाली तारवाली भिंगरी चिखलाची अर्धी वाटी चिकटवून घरटं करते, पुलावरून पलीकडे उभं राहून बघितलं तर जोडी आत-बाहेर करताना दिसते, खाली उतरून टॉर्च मारायची गरज नाही.

आणि कान उघडे ठेवा. पावशा ओरडत असेल, पेरते व्हा पेरते व्हा, आपल्याकडे शेतकरी त्याच्या आवाजावरून पेरणीची आठवण काढतात, पण तो ओरडतोय त्याचं कारण वेगळं आहे, त्यालाही घर हवंय, फक्त दुसऱ्याचं. पावशा आपली अंडी सातभाईंच्या, म्हणजे टोळीने फिरणाऱ्या मातकट पक्ष्यांच्या, घरट्यात घालतो, चातकही तेच करतो, तो पावसाच्या तोंडावर येतो काळा-पांढरा तुरेवाला. सातभाईंची अंडी निळी आणि या दोघांचीही निळीच. तुम्ही जिथे पावशाचा आवाज ऐकाल तिथे आजूबाजूला सातभाईंचा कलकलाट शोधा, आणि एखादं तपकिरी मोठाड पिल्लू दिसलं आणि त्याच्यामागे लहान सातभाई चोचीत किडा घेऊन धावताहेत, तर तुम्हाला दिवसभराचं मिळालं. असंच कोकिळेचं, तिचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, जुलैत शहरात तुमच्या कॉलनीतसुद्धा कावळी कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसेल, त्यासाठी गाडी काढायचीही गरज नाही. नवीन माणसाने खरं तर पहिला आठवडा गच्चीवरूनच करावा.

स्वर्गीय नर्तकाचं विचाराल, सगळेच विचारतात, पांढऱ्या लांब शेपटीचा नर आणि एवढ्याशा वाटीत बसलेला, शेपूट बाहेर लोंबतेय असा फोटो सगळ्यांना हवा असतो. या दिवसांत ते ओढ्याकाठच्या सावलीच्या झाडीत घरटं करतात आणि मला दोन जागा माहिती आहेत, पण त्या मी सांगणार नाही, तुम्हालाही नाही आणि कोणालाच नाही. राग मानू नका. एकदा जागा फुटली की दुसऱ्या दिवशी सहा लेन्स, तिसऱ्या दिवशी पंधरा, मग कोणीतरी आडवी येणारी पानं कापतो, आणि ती पानं म्हणजेच त्या घरट्याचं छप्पर असतं, ऊन-पाऊस आणि शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याची नजर अडवणारं. मी हे होताना बघितलंय. तुम्हाला स्वतःला सापडलं तर दोन मिनिटं बघा, नमस्कार करा आणि निघा, आणि नंतर कोणी विचारलं तर तालुक्याचं नाव सांगा फार तर. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकणार असाल तर जरूर टाका, घरट्यांच्या नोंदी मोलाच्या असतात, पण नाजूक असेल तर ठिकाण ढोबळ ठेवा, किंवा हंगाम उलटल्यावर टाका. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या आत जीपीएसचं ठिकाण लपलेलं असतं, पुढे पाठवायच्या आधी ते काढून टाका.

दुपारी बारा ते साडेतीन घरी या, किंवा मिसळ खाऊन झोपा. त्या वेळात पक्षीही गप्प असतात.

रविवारचं नांदूर मध्यमेश्वर. लोक तिथे जातात ते डिसेंबर ते फेब्रुवारी, बदकं, क्रौंच, नशीब असेल तर रोहित बघायला, आणि पावसाळ्यात तिथे काय आहे असं म्हणतात. मला विचाराल तर हिवाळ्यात तिथे पाहुणे असतात आणि पावसाळ्यात घरचे लोक, आणि घर बघायचं तर घरच्यांच्या वेळेला जावं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्ष्यांना आयती जागा मिळाली. १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. चांदोरी-सायखेड्यावरून चापडगावला जा, तिथे मनोरे आहेत, गावातली पोरं गाईड म्हणून काम करतात, स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, असते त्यांच्याकडे. गाईड घ्याच. पैसे वाचवायची ही जागा नाही, एक तर त्या पोरांना कुठल्या झुडपात काय चाललंय ते रोजचं माहिती असतं, आणि दुसरं म्हणजे स्कोपमधून साठ-सत्तर मीटरवरचं सगळं तळहातावर आल्यासारखं दिसतं, जवळ जायचा मोहच होत नाही.

तिथे दोन गोष्टी बघा, बाकी दिसेल ते दिसेल. एक कमळपक्षी, लांब शेपटीचा. हिवाळ्यात तो अगदी साधा दिसतो, पावसाळ्यात मात्र मानेमागे सोनेरी, पोट काळसर, पंख पांढरे आणि विळ्यासारखी लांब शेपूट. लांबच लांब बोटं असतात, त्यामुळे तरंगत्या पानांवर वजन पसरतं आणि तो चालतो. यांच्यात मादी मोठी असते, एका हंगामात अनेक नरांबरोबर जोड्या जुळवते, एकाकडे चार अंडी घालून दुसऱ्याकडे जाते, आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. तुम्ही जो पक्षी पाणवनस्पतींच्या गादीवर घट्ट बसलेला बघाल तो बाप आहे. पाणी चढलं किंवा धोका वाटला तर तो अंडी ढकलत दुसरीकडे नेतो. हे बघायला धीर लागतो, मी एवढ्या वर्षांत दोनदाच बघितलंय, दोन्ही वेळा तासाभराच्या बसण्यानंतर.

दुसरी टिबुकली. एवढीशी, बुडी मारणारी, लोकांना बदकाचं पिल्लू वाटते. तिचं घरटं म्हणजे कुजक्या पाणवनस्पतींचा ओला ढीग, वेताला किंवा झुडपाला अडकवून तरंगत ठेवलेला. अंड्यांवरून उठताना ती काय करते ते बघा. दोन-तीन झटक्यांत कडेचा पाला ओढून अंड्यांवर टाकते आणि मग पाण्यात सरकते, आणि वरून कोणी बघितलं तर नुसता कचऱ्याचा ढीग. अंडी घातल्यावर पांढरी असतात आणि या ओल्या पाल्याने डाग पडून तपकिरी होत जातात. पण बोट किंवा माणूस एकदम समोर आला आणि तिला पाला ओढायला वेळच मिळाला नाही, तर अंडी उघडी राहतात आणि कावळा किंवा घार नेते. किनाऱ्याकडेला पटकन धावत जाऊन फोटो घ्यायचा नाही तो यासाठी. पिल्लं झाली की ती आई-बापाच्या पाठीवर पिसांत बसून फिरतात, जुलैच्या शेवटी परत गेलात तर दिसेल. जांभळ्या पाणकोंबड्याही असतील, मोठ्या, लाल चोचीच्या, त्या वेगळ्या ओळखायची गरजच पडत नाही.

परत येताना निफाडच्या बाजूने या आणि रस्त्याकडेची एखादी विहीर बघा जिच्यावर बाभूळ वाकलेली असेल. सुगरण. नाव बाईचं आहे पण विणणारा नर असतो, या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. शेजारी ऊस असला तर तो उसाच्या पानाच्या कडेला चोचीने एक चिर पाडतो, ती धार चोचीत धरतो आणि उडतो, आणि उडण्याच्या झटक्याने पानाची लांबच लांब पट्टी सोलून निघते, दोऱ्यासारखी. मग ती घेऊन फांदीला गाठ, विणकाम, आत-बाहेर. सुरुवातीला एक कडी तयार होते, मग तिच्या एका बाजूला खोलगट टोपी. या टोपीच्या टप्प्यावर नर थांबतो आणि माद्या येतात. मादी आली की झाडावर जो दंगा होतो ना, सगळे नर आपापल्या अर्धवट घरट्याला उलटे लटकून पंख फडफडवतात, चिर्रर्र करून ओरडतात, आणि ती एकेकात जाऊन चोचीने ओढून बघते, विण घट्ट आहे का, फांदी कशी आहे. पसंत पडलं तर ती राहते आणि नर पुढे बोळ विणून घर पूर्ण करतो, मग शेजारी दुसरं घर सुरू करतो दुसरीसाठी. पसंत नाही पडलं तर ते अर्धवट तसंच लटकत राहतं. आत ओल्या चिखलाचे गोळे लावलेले असतात, आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात की त्यात काजवे चिकटवून ती उजेड करते, ते काही खरं नाही, पण चिखल मात्र खरा आहे. आमची मागच्या पावसाळ्यातली एक सकाळ अशाच विहिरीवर गेली, मित्र एकाच नराच्या फेऱ्या मोजत होता, मी वेळ लिहीत होतो, एका तासात चव्वेचाळीस फेऱ्या झाल्या, आणि मळेवाले काका चहा घेऊन आले आणि म्हणाले एवढी वर्षं माझ्या विहिरीवर आहे, मी कधी एक तास बघितलं नव्हतं. मग तेही बसले.

शक्यतो मळ्याच्या मालकाला विचारून जा, बागाईतात कोणी अनोळखी कॅमेरा घेऊन घुसलेलं कुणाला आवडेल. आणि त्या भागात उसात बिबट्या असतो हे लक्षात ठेवा, संध्याकाळी अंधार पडायला लागला की उसाच्या बांधावर थांबू नका, पक्ष्यांसाठीही नाही. गवतात घोणस असते, पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, सँडल घालून जाऊ नका.

आता दोघं जाताय ते फार चांगलं आहे, पण दोघांनी दोन कामं वाटून घ्या. आम्ही असं करतो की एकजण बघतो किंवा फोटो काढतो, तेव्हा दुसरा फक्त पक्ष्याच्या आई-बापाकडे आणि घड्याळाकडे बघतो. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही, हे तुमच्या मित्राच्या बाबतीत होणारच, नवीन लेन्स आहे. दुसऱ्याने पुरे म्हटलं की पुरे, त्यावर वाद घालायचा नाही, हे गाडीत बसतानाच ठरवून टाका. आमच्यात टिटवीच्या त्या दिवसापासून हे ठरलंय आणि एकदाही मोडलेलं नाही. बोलायचं असेल तर कुजबुजण्यापेक्षा हळू आवाजात बोला, कुजबुजीतला स्स्स लांब जातो. बोट दाखवण्यासाठी हात झटकन वर करू नका, घड्याळाच्या काट्यांवरून सांगा, त्या बाभळीच्या दोन वाजता, असं. आणि घरट्याकडे सरळ चालत जाऊन तिथून सरळ मागे येऊ नका, तिरके चालत पुढे निघून जा, म्हणजे आपल्या पायांची वाट घरट्यापाशी येऊन संपत नाही. मुंगूस, कुत्रं, मांजर हे वासाच्या वाटेने येतात.

मित्राला अजून तीन गोष्टी सांगा. फ्लॅश नाही. ड्रोन नाही, अभयारण्यात तर परवानगीशिवाय चालतही नाही. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलवायचं नाही, मर्लिनसारखं ॲप आवाज ओळखायला उत्तम आहे, वाजवायला नाही. या दिवसांत नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो, दिसतो छान, पण त्याची दहा-पंधरा मिनिटं वाया जातात आणि पिल्लांना दर काही मिनिटांनी चारा लागतो. गाडीतूनच फोटो काढायला शिका, काच खाली, इंजिन बंद, खिडकीवर उशी, तिच्यावर लेन्स. पक्षी गाडीला घाबरत नाहीत तेवढे माणसाच्या आकाराला घाबरतात.

सामानाचं थोडक्यात. बायनॉक्युलर ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारं, ४२ मिलिमीटर भिंगाचं) असेल तर ढगाळ उजेडात १० बाय ४२ पेक्षा उजळ दिसतं आणि हातही कमी हलतो, तुमच्याकडे कुठलं आहे माहीत नाही, जे आहे ते चालेल. एकच असल्यामुळे पाच-पाच मिनिटं वाटून घ्या, नाहीतर एकजण दिवसभर नुसता ऐकत बसतो. रेनकोट मातकट किंवा हिरवा, फडफडणारा पोंचो नको. वही आणि पेन्सिल न्या, पेनाची शाई पावसात पसरते. लेन्स घरी आल्यावर पुसून सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवा, आपल्याकडे पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते आणि एकदा धरली की सहज जात नाही.

एक प्रसंग बहुतेक येईलच, खाली पडलेलं पिल्लू. अंगावर पिसं आहेत, उड्या मारतंय, शेपूट आखूड आहे, तर ते पडलेलं नाही, ते उडायला शिकतंय, आई-बाप जवळच आहेत आणि तुम्ही गेल्यावर भरवायला येतील. फार तर रस्त्यावर असेल तर उचलून बाजूच्या झुडपात ठेवा. अंगावर पिसंच नाहीत, डोळे मिटलेले आहेत, आणि घरटं हाताला येतंय, तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई सोडून देते असं आपण लहानपणापासून ऐकलंय, ते खरं नाही, वासावरून ती पिल्लू टाकत नाही. घरी मात्र आणू नका, दूध-पोळी भरवू नका, फार पिल्लं माणसाच्या मायेने मरतात. जखमी असेल तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.

शेवटचं पावसाचं. शनिवारी रात्री झोपायच्या आधी गंगापूर आणि दारणेतून किती क्युसेक सोडलंय ते बघा, ते सगळं पाणी खाली नांदूरलाच जातं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, नाशिककर तिच्यावरून पुराचा अंदाज घेतात, तिच्या पायाला पाणी लागलंय एवढं असेल तर जायला हरकत नाही, कमरेपर्यंत असेल तर रविवारचं नांदूर सोडून द्या, चांदोरी-सायखेड्याच्या बाजूला पाणी चढतं आणि टिबुकलीची आणि कमळपक्ष्याची बरीच घरटी त्या एका रात्रीत वाहून जातात, ते परत नव्याने मांडतात, पण त्या दोन-चार दिवसांत त्यांना आपली गर्दी नको. त्याऐवजी रविवारीही सावरगावलाच जा, शनिवारी जी टिटवी बघितली तिचीच पिल्लं एका दिवसात किती लांब चालत गेली ते बघा, आणि वहीत लिहा.